हिरोशिमा-नागासाकी प्रदर्शन: फलकांचा मजकूर तपासून हवा आहे

वाचनकट्टा

६ ऑगस्टसाठी वाचनालयात दहा फलकांचे छोटे प्रदर्शन लावतोय. बॉम्ब कसा बनला, कोणी टाकला, का टाकला यावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून त्याला एकच फलक दिला. बाकीचे नऊ 'पुढे काय झाले' यावर आहेत. कच्च्या मजकुरातली ही पाच वाक्ये खटकताहेत:

१. हिरोशिमात १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७४ हजार माणसे एका क्षणात मेली.
२. उष्णतेने माणसांची वाफ झाली, दगडावर फक्त सावल्या उरल्या.
३. वाचलेल्यांना हिबाकुशा म्हणतात. सरकार त्यांना पेन्शन देते.
४. किरणोत्सर्गामुळे पुढच्या पिढ्यांतही व्यंग असलेली मुले जन्मली.
५. तिथल्या जमिनीत आजही किरणोत्सर्ग आहे.

बघायला आठवी ते दहावीची मुले येणार आहेत. वाक्ये लहानच हवीत, पण चुकीची नकोत. तिसऱ्याबद्दल जितके सविस्तर सांगाल तितके बरे, त्यावर दोन फलक आहेत.

अर्धायुष्य

तिसरे वाक्य नोंदवही यांचा प्रांत, ते येतीलच. मी पहिले, दुसरे आणि पाचवे घेतो.

पहिल्यातले आकडे ठीक आहेत, 'एका क्षणात' काढा. हे १९४५ च्या डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूंचे अंदाज आहेत. हिरोशिमाच्या आकड्यात १० हजार इकडे-तिकडे धरतात. नागासाकीचा मूळ आकडा ७३,८८४ असा छापतात, पण एककापर्यंत दिला म्हणून तो मोजून काढलेला समजू नका. कचेऱ्यांतली दप्तरे जळाली होती, सैनिक आणि कोरियन मजूर नागरी नोंदीत नव्हते, आणि काही घरांत तर मृत्यू कळवायलाही कोणी शिल्लक राहिले नव्हते.

मृत्यू लाटांनी आले. पहिल्या दिवशी भाजून, ढिगाऱ्याखाली दबून आणि नंतर भडकलेल्या आगीत. पुढचे दोन आठवडे भाजलेल्या जखमा चिघळून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र अंगावर ओरखडाही नसलेली माणसे जाऊ लागली: आधी केस गळायचे, मग हिरड्यांतून रक्त, त्वचेवर जांभळे ठिपके, ताप. किरणांनी अस्थिमज्जा मारली होती. रक्तात आधीपासून फिरणाऱ्या पेशी संपेपर्यंत माणूस बरा दिसतो, नव्या पेशी येत नाहीत, आणि मग साधा जंतूसंसर्गही पुरतो. 'वाचला' म्हटलेला माणूस सप्टेंबरात का गेला, हे मुलांना एवढ्यातच समजेल.

मुले तेरा-चौदा वर्षांची असतील तर आणखी एक गोष्ट फलकावर हवीच. त्या सकाळी हिरोशिमात त्याच वयाची हजारो शाळकरी मुले उघड्यावर होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला त्यांना जुंपले होते. त्यांपैकी सुमारे सहा हजार गेली. हिरोशिमाच्या वस्तुसंग्रहालयात इतके गणवेश, डबे आणि पाण्याच्या बाटल्या दिसतात त्या यामुळे.

दुसरे वाक्य पूर्ण काढा. माणसाची वाफ होत नाही, हाडे उरतात. ज्या दगडी पायरीचा फोटो सगळीकडे फिरतो ती सुमितोमो बँकेची, स्फोटबिंदूखालच्या जागेपासून २६० मीटरवरची. उष्णतेच्या झोताने आजूबाजूचा दगड पांढुरका पडला, आणि बसलेल्या माणसाच्या आडोशाला होता तेवढा भाग गडद राहिला. म्हणजे डाग माणसाचा नाही, न बदललेल्या दगडाचा आहे. १९७१ मध्ये ती पायरी काढून संग्रहालयात नेली.

पाचवे चूक. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, नागासाकीचा सुमारे ५०० मीटरवर. आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सारी राख बहुतांशी वर जाऊन पांगली. शिवाय हिरोशिमाच्या बॉम्बमधल्या ६४ किलो युरेनियमपैकी एक किलोपेक्षाही कमी विखंडित झाले. चेर्नोबिलशी तुलना तिथेच मोडते, तिथे अणुभट्टीच्या गाभ्यातला टनावारी माल उघडा पडला होता. आज दोन्ही शहरांतली पातळी इतर कोणत्याही शहरासारखी आहे. राख पावसातून उतरली ती मुख्यतः हिरोशिमाच्या पश्चिमेला कोई-ताकासू भागात आणि नागासाकीच्या पूर्वेला निशियामा भागात, दोन्ही साधारण तीन किलोमीटरवर.

'७०-७५ वर्षे गवतही उगवणार नाही' हे वाक्य कोणी सुचवले तर तेही नको. ऑगस्ट १९४५ मध्येच हॅरोल्ड जेकबसन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ते वर्तमानपत्रांत आले, लगेच खोडलेही गेले, पण जपानमध्ये अफवा राहिली. त्याच शरद ऋतूत तिथे तण माजले होते. आज दोन किलोमीटरच्या आत त्या दिवसापासून जगलेली सुमारे १६० झाडे शहराच्या नोंदीत आहेत. सर्वांत जवळचा विपिंग विलो ३७० मीटरवर आहे. त्याचे खोड कोसळले होते, आजचे झाड मुळापासून फुटलेले आहे.

नोंदवही

तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत, आणि माझ्या मते सगळ्या प्रदर्शनाचा कणा तिथेच आहे. 'वाचलेले' आणि 'हिबाकुशा' हे एकच नाहीत. कायद्याने हिबाकुशा तोच, ज्याच्याकडे हिबाकुशा आरोग्य पुस्तिका आहे. ती मिळते अंतर आणि तारीख सिद्ध केल्यावर, आणि सिद्ध करायचे ज्याचे सगळे जळाले त्याने.

आधी कालक्रम. पहिली बारा वर्षे केंद्र सरकारचा काहीही कायदा नव्हता. सप्टेंबर १९४५ पासून जपानचा ताबा घेतलेल्या सैन्याची वृत्त-नियमावली होती, त्यामुळे रोगाबद्दल उघड लिहिणे अवघड. १९४७ मध्ये अमेरिकेने अणुबॉम्ब हानी आयोग स्थापला. तो तपासायचा, मोजायचा, नोंदवायचा, पण उपचार करणे त्याच्या कामात नव्हते. हिजीयामा टेकडीवरच्या त्या इमारतींबद्दलचा राग हिरोशिमात पुढे कित्येक दशके टिकला तो यासाठी. (शवविच्छेदनातले नमुनेही अमेरिकेला गेले होते, ते १९७३ मध्ये परत आले.) १९७५ मध्ये आयोगाच्या जागी जपान-अमेरिकेची संयुक्त संशोधन संस्था आली.

बदल घडवला तो तिसऱ्याच घटनेने. १ मार्च १९५४ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन' या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. त्यातून देशभर सह्यांची चळवळ उभी राहिली, ऑगस्ट १९५६ मध्ये नागासाकीत निहोन हिदानक्यो ही वाचलेल्यांची संघटना झाली, आणि १९५७ मध्ये वैद्यकीय मदतीचा कायदा आला. १९६८ मध्ये भत्त्यांचा दुसरा कायदा आला. दोन्ही एकत्र करणारा सध्याचा कायदा १९९४ चा, लागू १९९५ पासून.

पुस्तिकेचे चार वर्ग:

पहिला, स्फोटाच्या वेळी ठरवून दिलेल्या हद्दीत प्रत्यक्ष असलेले. दुसरा, स्फोटानंतर दोन आठवड्यांत, म्हणजे हिरोशिमात २० ऑगस्टपर्यंत आणि नागासाकीत २३ ऑगस्टपर्यंत, केंद्राच्या साधारण दोन किलोमीटरच्या आत शिरलेले. नातेवाइकांना शोधायला आलेले बहुतेक यात येतात. तिसरा, दूर राहूनही जखमींची शुश्रूषा केलेले, प्रेते उचललेले किंवा जाळलेले. निनोशिमा बेटावर सुमारे दहा हजार जखमी नेले होते, तिथे राबलेले सैनिक आणि मुली या वर्गातल्या. चौथा, वरच्या तिघांपैकी कोणाच्या पोटात त्या वेळी असलेले: हिरोशिमासाठी ३१ मे १९४६ पर्यंत, नागासाकीसाठी ३ जून १९४६ पर्यंत जन्मलेले.

अर्ज प्रांताच्या राज्यपालाकडे, या दोन शहरांत महापौरांकडे. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्या वेळी मिळालेला आपद्ग्रस्ताचा दाखला किंवा त्या काळातले पत्र, शाळेचे हजेरीपुस्तक, सैनिकी तुकडीची नोंद. ते नसेल तर दोन साक्षीदार, तेही जवळचे नातेवाईक नकोत. तेही नसतील तर स्वतःचे लेखी निवेदन: त्या दिवशी कुठे होता, कोणत्या रस्त्याने कुठे गेलात, सोबत कोण, काय दिसले, नकाशासकट. अधिकारी ते इतर नोंदींशी ताडून पाहतात.

अर्ज अडतात ते नेहमी त्याच ठिकाणी. तान्ह्या बाळाला त्या दिवशीचे काही आठवत नाही. साक्षीदार मेलेले असतात. आणि पुष्कळांनी अर्जच उशिरा केला, कारण पुस्तिका घेणे म्हणजे स्वतःवर शिक्का मारून घेणे. लग्न जुळवताना मुलीकडे-मुलाकडे चौकशी व्हायची, हिबाकुशाची मुलगी नको म्हणणारी घरे होती. मग आईने पुस्तिका लपवली, किंवा मुलांची लग्ने उरकेपर्यंत मागितलीच नाही. तोवर साक्ष द्यायला कोणी उरले नाही. उशीर झाला म्हणून अर्जदार संशयास्पद ठरतो, आणि उशीर होण्याचे कारण बहुतेक वेळा लाज किंवा भीती असते. फलकावर एकच परिच्छेद मावणार असेल तर हा घ्या.

'पेन्शन' हा शब्दही बदला. पुस्तिकाधारकाला मिळते ते असे: वर्षातून दोन नियमित तपासण्या, मागितल्यास आणखी दोन (त्यांतली एक कर्करोगाची करून घेता येते), आणि उपचारांचा रुग्णाच्या वाट्याचा खर्च माफ. ठरावीक अकरा प्रकारच्या आजारांपैकी एखादा असेल तर महिना ३५ हजार येनांहून थोडा जास्त आरोग्य भत्ता. आजार बॉम्बच्या किरणांमुळेच झाला असे सरकारने वेगळे मान्य केले तर महिना सुमारे दीड लाख येन. हा शेवटचा दाखला मिळवणे फार कठीण आहे, न्यायालयीन लढाया मुख्यतः त्यावरच झाल्या. मेलेल्यांसाठी भरपाई नाही. १९९४ च्या कायद्यात मृताच्या आप्ताला १ लाख येनांचे रोखे मिळाले, तेही तो आप्त स्वतः हिबाकुशा असेल तरच. डिसेंबर २०२४ मध्ये ओस्लोत हिदानक्योतर्फे शांततेचे नोबेल स्वीकारताना तानाका तेरुमी यांनी नेमका हाच मुद्दा पुन्हा सांगितला: मृतांना राज्याने भरपाई दिलेली नाही.

संख्या: सर्वाधिक पुस्तिकाधारक मार्च १९८१ मध्ये, ३,७२,२६४. मार्च २०२५ मध्ये ९९,१३०, सरासरी वय ८६ च्या पुढे.

वाचनकट्टा

मनापासून आभार, दोन्ही फलक नव्याने लिहितो. पण मुले हमखास विचारतील: दोनच किलोमीटर का, आणि दोनच आठवडे का? २.१ किलोमीटरवाल्याने काय करायचे?

अर्धायुष्य

भौतिकशास्त्रापुरते सांगतो. उघड्यावर उभ्या माणसाला हिरोशिमात एक किलोमीटरवर सुमारे ४ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणांचे माप) मात्रा मिळाली, उपचाराविना निम्मी माणसे दगावतात त्या घरातली. दीड किलोमीटरवर सुमारे अर्धा ग्रे, दोनवर ०.०८, अडीचवर ०.०१ च्या आसपास. एक ते दोन किलोमीटरमध्ये मात्रा पन्नासपटीहून जास्त घसरते, कारण अंतराच्या वर्गाबरोबर ती कमी होतेच, वर हवाही किरणे शोषते. भिंतीआड असलेल्याला आणखी कमी. म्हणून संशोधक प्रत्येकाला विचारत: घर लाकडी की काँक्रीटचे, कोणत्या खोलीत, तोंड कुठे?

हे थेट किरणांचे झाले. नंतर शहरात शिरलेल्याला लागली ती न्यूट्रॉनांनी माती, विटा आणि लोखंडात तयार केलेली किरणोत्सारिता. त्यात मुख्य मँगनीज-५६, अर्धायुष्य (किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा वेळ) अडीच तासांहून थोडे जास्त, आणि सोडियम-२४, अर्धायुष्य १५ तास. शंभर तासांत सोडियमची जवळजवळ सात अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे साधारण एक टक्का उरतो. आजार-मान्यतेच्या नियमांत 'शंभर तासांच्या आत दोन किलोमीटरपर्यंत शिरलेला' अशी अट आहे, ती या हिशेबाशी जुळते. पुस्तिकेचे दोन आठवडे त्यापेक्षा सैल आहेत.

पण २.१ किलोमीटरवर निसर्गात काहीच बदलत नाही. रेघ प्रशासनाची आहे.

नोंदवही

आणि रेघा ओढल्या कशा ते बघा. वरचे दोन किलोमीटर नंतर आत शिरलेल्यांसाठी. थेट सापडलेल्यांची हद्द वेगळी, ती गोल नाहीच. नागासाकीत ती जुन्या शहराच्या सीमेवरून आखली, म्हणून उत्तर-दक्षिण सुमारे १२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ७. दक्षिणेला १२ किलोमीटरवरचा माणूस हिबाकुशा, पूर्वेला ८ किलोमीटरवरचा नाही! त्या वगळलेल्यांना २००२ पासून 'बॉम्बचा अनुभव घेतलेले' असे वेगळे नाव दिले आणि मदत मानसिक त्रासाशी जोडली. सप्टेंबर २०२४ मध्ये नागासाकी जिल्हा न्यायालयाने अशा ४४ वादींपैकी १५ जणांना हिबाकुशा मानले, ते राख-पाऊस पडल्याची नोंद असलेल्या पट्ट्यातले होते म्हणून. बाकीचे वगळले गेले. पुढे सरकारने या गटाची वैद्यकीय मदत वाढवली, पण पुस्तिका दिली नाही.

हिरोशिमाचा काळा पाऊस, म्हणजे राख मिसळून पडलेला पाऊस, हा याहून मोठा लढा. १९४५ मध्ये हवामानखात्याच्या माणसांनी गावोगाव विचारून पावसाचा नकाशा काढला होता. १९७६ मध्ये सरकारने त्यातला फक्त 'जोरदार पावसाचा' अंडाकृती भाग धरला, १९ किलोमीटर लांब, ११ रुंद. ओढ्याच्या एका काठाचे घर आत, दुसऱ्या काठाचे बाहेर. हाताशी माणसे कमी आणि गावे अर्धी रिकामी असताना केलेल्या त्या पाहणीची रेघ पुढे कायदा होऊन बसली. जुलै २०२० मध्ये हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने सर्व ८४ वादींच्या बाजूने निकाल दिला, जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि श्वासातून-पाण्यातून शरीरात गेलेले कणही धरले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले नाही. एप्रिल २०२२ पासून नवा निकष आहे: पाऊस अंगावर आला हे नाकारता येत नाही, आणि ठरावीक अकरांपैकी एक आजार आहे. आजाराची अट काढा ही मागणी अजून चालू आहे.

आजार-मान्यतेतही अंतराची उतरंड आहे. थेट सापडलेल्यांसाठी कर्करोग आणि ल्युकेमियाला (रक्ताच्या कर्करोगाला) सुमारे साडेतीन किलोमीटर, हृदयविकाराचा झटका, थायरॉइडची कमतरता आणि यकृताच्या जुनाट आजारांना दोन, मोतीबिंदूला दीड. एकाच माणसाला दोन आजार असले तर एक बॉम्बचा आणि दुसरा वयाचा ठरू शकतो.

अर्धायुष्य

याची शास्त्रीय अडचण एका वाक्यात: संख्याशास्त्र गटाबद्दल बोलते, दाखला एका माणसाला हवा असतो. सुमारे १ लाख २० हजार माणसांचा आयुष्यभर मागोवा घेतल्यावर दिसते ते असे, की किरणे लागलेल्यांतल्या ल्युकेमियाच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे किरणांमुळे, घन, म्हणजे गाठींच्या, कर्करोगांपैकी साधारण दहावा भाग. पण समोरच्या रुग्णाच्या पोटातला कर्करोग त्या दहाव्यातला की बाकीच्या नऊतला, हे कोणतीही सूक्ष्मदर्शक तपासणी सांगत नाही. ल्युकेमिया स्फोटानंतर दोन-तीन वर्षांत वाढू लागला आणि सहा-आठ वर्षांनी शिखराला गेला. घन कर्करोग दहाएक वर्षांनी दिसू लागले, आणि लहानपणी सापडलेल्यांत वाढीव धोका आयुष्यभर राहतो. म्हणून १९५७ च्या कायद्याच्या वेळी जे माहीत होते ते फार थोडे होते.

बोरू

चौथ्या वाक्याकडे कोणी वळले नाही म्हणून. ते जसे आहे तसे लावू नका, ज्या अफवेने मुलींची लग्ने मोडली तीच अफवा ही.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांवर परिणाम झाला, यात शंका नाही. गर्भ ८ ते १५ आठवड्यांचा असताना केंद्राजवळ असलेल्या मातांची काही मुले लहान डोके आणि बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मली. त्या काळात मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात, म्हणून तोच काळ नाजूक. १६ ते २५ आठवड्यांत परिणाम कमी. कुपोषणाचे कारण सांगून या पालकांना वर्षानुवर्षे परतवले गेले. १९६५ मध्ये त्यांनी 'किनोको-काई' ही संघटना केली, त्यानंतरच सरकारने ही स्थिती बॉम्बमुळे आलेली म्हणून मान्य केली. ती मुले दुसरी पिढी नाहीत, स्वतः हिबाकुशा आहेत, चौथ्या वर्गातली.

दुसरी पिढी म्हणजे नंतर गर्भ राहिलेली मुले. त्यांचा अभ्यास १९४८ ते १९५४ मध्ये कसा झाला ते मुलांना आवडेल. तेव्हा रेशनिंग होते, आणि पाचव्या महिन्यापासून गरोदर बाईला जादा रेशन मिळे, त्यासाठी नाव नोंदवावे लागे. संशोधकांनी ती नोंदणीच वापरली, त्यामुळे जवळजवळ सगळी गरोदरपणे आधीच हाती आली. सुमारे ७७ हजार बाळे तपासली. जन्मजात व्यंगांत किंवा मृत जन्मांत फरक आढळला नाही. पुढे मृत्यू आणि कर्करोगातही आजवर स्पष्ट वाढ दिसलेली नाही. तरी ही पिढी अजून कर्करोगाच्या वयात येतेच आहे, म्हणून 'धोका शून्य' असेही लिहू नका. 'आजवर आढळलेला नाही' एवढेच. त्यांना वर्षातून एक मोफत तपासणी मिळते, पुस्तिका नाही. नागासाकीत २०२२ मध्ये आणि हिरोशिमात २०२३ मध्ये त्यांचे दावे जिल्हा न्यायालयांनी फेटाळले.

चेहऱ्यावरच्या व्रणांबद्दल फलक असेल तर 'हिरोशिमाच्या मुली' घ्या. भाजलेल्या जागी जाड, उंचावलेले केलॉइड व्रण आले होते. कापले की पुन्हा वाढायचे, आणि बोटे, मान, पापण्या आखडायच्या. म्हणजे प्रश्न फक्त दिसण्याचा नव्हता. १९५५ मध्ये अशा २५ तरुणींना न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात नेले, मिळून १३८ शस्त्रक्रिया झाल्या. एक जण शस्त्रक्रियेच्या वेळीच गेली. त्यात अमेरिकेची सदिच्छा आणि प्रसिद्धी दोन्ही होती, आणि बाकी हजारोंना कोणी कुठे नेले नाही.

'आठवण' या फलकासाठी दोन नोंदी. १९७४ मध्ये एका वृद्धाने त्या दिवसाचे चित्र काढून एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात आणून दिले. केंद्राने आवाहन केल्यावर दोन वर्षांत दोन हजारांहून जास्त चित्रे आली. आयुष्यात कधी कुंचला न धरलेल्या लोकांची, कडेला मजकूर लिहिलेली. त्या दिवशी शहरात छायाचित्रे जवळजवळ निघालीच नाहीत, म्हणून ही चित्रे पुरावा म्हणूनही पाहतात. दुसरे, हिरोशिमा शहराने २०१२ पासून वारसा-कथक तयार करायला घेतले. ते एका हिबाकुशाची हकीकत त्याच्याकडूनच शिकतात, मसुदा त्याला दाखवून मंजूर करून घेतात आणि मगच लोकांसमोर बोलतात. पहिल्या तुकडीला तीन वर्षे लागली. स्वतःची भर घालायची नाही ही अट सर्वांत जड जाते म्हणतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

नोंदवही

एक फलक कोरियन हिबाकुशांना द्या, नाहीतर प्रदर्शन 'जपानी लोकांचे दुःख' एवढेच होईल. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती. मजुरीसाठी आलेले आणि सक्तीने आणलेले हजारो कोरियन दोन्ही शहरांत होते. त्यांतले बरेच हाप्चेओन या एकाच भागातले, म्हणून त्याला कोरियाचे हिरोशिमा म्हणतात. युद्धानंतर ते परत गेले आणि कायद्याच्या बाहेर पडले.

१९७० मध्ये सोन जिन-दू हा उपचारासाठी चोरून जपानमध्ये आला, पकडला गेला, आणि तिथूनच त्याने पुस्तिकेसाठी दावा लावला. मार्च १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: या कायद्याच्या मुळाशी युद्ध करणाऱ्या राज्याची भरपाईची जबाबदारीही आहे, म्हणून बेकायदा आलेल्यालाही तो लागू. पण मध्येच, जुलै १९७४ मध्ये, आरोग्य मंत्रालयाने ४०२ क्रमांकाचे परिपत्रक काढले होते: जपान सोडले की भत्ता बंद. म्हणजे पुस्तिका मिळवायला जपानला या, भत्ता हवा तर तिथेच राहा. क्वाक क्वी-हून यांच्या दाव्यात ओसाका उच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हे अमान्य केले, तेव्हा कुठे २००३ मध्ये परिपत्रक गेले. वकिलातीतून अर्ज करता येऊ लागला २००८ च्या शेवटी. परदेशातल्या उपचारांचा पूर्ण खर्च मिळायला सप्टेंबर २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे उभे राहिले, आत आले १९९९ मध्ये.

कृष्णधवल

मजकूर सुधारला, आता चित्रांकडे बघा, कारण अशा प्रदर्शनांत निम्म्या चुका तिथे होतात.

हिरोशिमात ६ ऑगस्टला जमिनीवरून काढलेली आणि टिकलेली छायाचित्रे मोजकीच. चुगोकू शिंबुन या स्थानिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार मात्सुशिगे योशितो यांची पाच सर्वांत प्रसिद्ध, त्यांतली पहिली दोन मियुकी पुलावरची, केंद्रापासून सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, अकरानंतरची. 'त्याच दिवशीचे, केंद्रातले' म्हणून फिरणारे प्रेतांच्या ढिगांचे चित्र असेल तर मूळ शोधल्याशिवाय लावू नका. २००८ मध्ये अमेरिकेतल्या हूव्हर संस्थेच्या संग्रहातली अशी चित्रे हिरोशिमाची म्हणून जगभर छापली गेली, आणि ती १९२३ च्या कांतो भूकंपाची निघाली. नागासाकीची, यामाहाता योसुके यांची शंभरावर छायाचित्रे १० ऑगस्टची आहेत. तारीख तशीच लिहा, ९ नको. हिरोशिमा संग्रहालयाच्या आंतरजालावरच्या संग्रहात चित्र क्रमांकासह सापडते. छापण्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून आजच पाठवा. दगडी पायरीचे चित्र घ्याल तर अर्धायुष्य यांनी लिहिलेले वाक्यच खाली टाका.

हिरोशिमातल्या घुमटाच्या भग्न इमारतीच्या चित्राखाली 'जशीच्या तशी उभी' लिहू नका. ती १९१५ ची, चेक वास्तुकार यान लेत्सेल यांची, केंद्रापासून १६० मीटरवर. पाडायची की ठेवायची यावर वीस वर्षे वाद चालला. १९६६ मध्ये नगरपालिकेने राखायचा ठराव केला आणि १९६७ मध्ये भेगांत इपॉक्सी राळ भरून, पोलादी आधार देऊन पहिली दुरुस्ती झाली. त्यानंतर अनेकदा झाली. उलट नागासाकीत उराकामी कॅथेड्रलचे अवशेष १९५८ मध्ये पाडून नवे चर्च बांधले. तिथल्या सुमारे १२ हजार भाविकांपैकी साडेआठ हजार मेले होते, आणि तरी भग्नावशेष राहिले नाहीत. ही दोन चित्रे शेजारी लावली तर शहरांनी किती वेगळे निर्णय घेतले ते आपोआप दिसेल.

शेवटी ढग. हिरोशिमा म्हणून सर्वांत जास्त छापला जाणारा तो उंच, सुबक छत्रीचा ढग नागासाकीचा असतो. समुद्रात जहाजांच्या मधोमध उठलेला पांढरा खांब असेल तर तो १९४६ ची बिकिनीची चाचणी. आणि विमानातून घेतलेले 'हिरोशिमाचा अणुढग' नावाचे एक जुने चित्र, तपासणीअंती, काही तासांनंतर जळणाऱ्या शहराच्या धुराचे ठरले आहे. ते वापरायला हरकत नाही, फक्त ओळ बदला: 'हिरोशिमा, ६ ऑगस्ट, आगीचा धूर'. पहिला फलक छापायला गेला असेल तर प्रेसवाल्याला आज फोन करा.